गावाला आधी सेन्सर द्यावा की आधी नियम?

माणदेशी_विनू

नमस्कार मंडळी.

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस वर्षाला साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. गाव सोडून पुणे, मुंबई, पनवेलला आलेल्या आम्ही लोकांनी दिवाळीत एकत्र बसून गावासाठी निधी उभा करायचं ठरवलं आणि रक्कम खरोखर चांगली जमली. आता ती कशावर खर्च करायची यावरून दोन तट पडलेत.

तरुण मंडळी म्हणतात, विहिरींमध्ये आणि बोअरमध्ये पातळी मोजणारे सेन्सर बसवू, सगळ्यांना मोबाईलवर दिसेल असं अ‍ॅप करू, शाळेच्या गच्चीवर छोटं हवामान केंद्र उभारू. जुने लोक म्हणतात, यंत्रं येतील आणि गंजतील, आधी गाव एका जागी बसवा.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझ्या कामावर माझा विश्वास आहे. आपल्या हातातली विद्या गावाच्या कामी यावी ही तळमळही आहे. पण बंद पडलेली सौरदिव्यांची खांबं, कुलूप लागलेली संगणक खोली हेही आमच्याच गावात उभं आहे. म्हणून विचारतोय. एखाद्या समाजाने स्वतःची घडी नव्याने बसवली आणि त्यात तंत्रज्ञानाचा खरा वाटा होता, असं तुम्ही जवळून पाहिलंय का? तिथे आधी काय आलं, यंत्र की माणसांमधला करार?

मतं हवीतच, पण अनुभव जास्त हवेत.

---

सायली_क

माझं मत स्पष्ट आहे, सेन्सर आधी. आकडा समोर आला की निम्मी भांडणं तिथेच संपतात.

माझ्या माहेरी दूध संस्थेत पूर्वी सेक्रेटरी फॅट काढायचा तेव्हा रोज कुणी ना कुणी तणतणत घरी जायचं. 'माझ्या म्हशीला पाच पॉइंट कसा लागतो?' मग मशीन आलं. काट्यावर कॅन ठेवला की लिटर समोरच्या पाटीवर, नमुना मशीनला लावला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पाटीवर, आणि हातात छापील पावती. आई निरक्षर आहे, पण पावतीवरचे आकडे ओळखते आणि दहा दिवसांच्या पावत्या पिशवीत जपून बिलाशी ताडून बघते. कुणाच्याही शब्दावर अवलंबून राहायचं नाही, हे तिला त्या मशीनने दिलं.

---

काळीमाती

सायलीताई, उदाहरण चांगलं आहे, पण त्यातला अर्धाच भाग तुम्ही सांगितलात.

आमच्या गावात संस्थेची डेअरी आहे आणि रस्त्याच्या पलीकडे एक खाजगी संकलन केंद्रही आहे. मशीन दोन्हीकडे एकाच जातीचं. संस्थेत फॅट कमी लागली तर माणूस म्हणतो, 'आज पेंड कमी पडली वाटतं.' पलीकडे कमी लागली तर म्हणतो, 'मशीन सेट केलंय.' फरक कुठून आला? संस्थेत तो सभासद आहे. वार्षिक सभेत उठून विचारू शकतो, चेअरमनला पाडू शकतो, मशीन तपासायला माणूस बोलवा म्हणू शकतो. पलीकडे तो फक्त दूध घालणारा.

आकड्यावर विश्वास बसायला आकडा काढणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे. ती सोय मशीनबरोबर खोक्यातून येत नाही.

---

तंत्रवेडा

धागाकर्ते, जास्त विचार करू नका, बसवून टाका. सभा घेत बसलात तर निधीचं व्याजच मोजत बसाल.

---

रानवाट

विनूभाऊ, तुम्ही विचारलंत तसं एक उदाहरण मी जवळून पाहिलंय. गडचिरोली जिल्ह्यात मी काही वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं, त्यामुळे 'सर्च' या संस्थेचं काम ऐकीव नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे काम सुरू केलं. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी शंभराहून अधिक पहिल्या वाढदिवसाच्या आत जात होती. मोठं कारण न्यूमोनिया. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास किंवा जास्त असतील तर धोका. एवढं साधं शास्त्र. पण गावातल्या ज्या सुईणी बाळापाशी असतात त्यांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं, आणि घड्याळ तर नव्हतंच.

मग जे उपकरण तयार झालं ते मी हातात घेऊन पाहिलंय. लाकडी पाटी, तिच्यावर एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. घटिका उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. वीज नाही, बॅटरी नाही, सिग्नल नाही.

हे तंत्रज्ञानच आहे, आणि अस्सल तंत्रज्ञान आहे. पण ते कामी आलं याची कारणं पाटीत नव्हती. कोणत्या आजाराला आधी हात घालायचा यावर लोकांशी बोलणं झालं होतं. काम गावातल्याच बाईच्या हातात दिलं होतं, तिला शिकवलं होतं आणि औषध द्यायचा अधिकारही दिला होता. याच पायावर पुढे १९९५ पासून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली. ३९ गावांत आरोग्यदूत बायका बाळाचं वजन, तापमान, स्तनपान बघायच्या आणि जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करायच्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली.

त्या बाईला औषध द्यायचा अधिकार दिला नसता तर लाल मणी सरकल्यावर तिने करायचं काय होतं? तुमच्या सेन्सरबद्दल मी हाच प्रश्न विचारेन. पातळी खाली गेली हे मोबाईलवर दिसल्यावर कोण काय करणार, आणि तसं करायचा अधिकार कुणाला आहे?

---

झुळूक

वाचनखूण साठवली. रानवाट, या विषयावर स्वतंत्र धागा काढाच.

---

स्नेहल_पुणे

रानवाट यांचा प्रतिसाद फार आवडला. शहरातलंही एक उदाहरण देते, कारण गाव म्हटलं की सामाजिक प्रयोग आणि शहर म्हटलं की यंत्र अशी वाटणी आपण उगाच करतो.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये उभी राहिली. त्यांच्याच पुढाकाराने २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि महापालिकेशी करार होऊन या बायका घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. मालकी त्यांचीच. घरटी शुल्क त्यांचं, आणि त्यातला सुका माल विकून येणारा पैसाही त्यांचा.

आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशी सुका कचरा वेगळा करताना मी रोज बघते. दुधाची पिशवी एकीकडे, चिप्सचं चकचकीत पाकीट दुसरीकडे, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा. प्लास्टिक बोटांत चुरगाळून आवाजावरून त्या जात ओळखतात. कुठलं प्लास्टिक भंगारात विकलं जातं, कुठल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. हे ज्ञान दशकानुदशकं शहरात होतं, पण आपण त्याला घाण उपसणं म्हणत होतो. ओळखपत्र आलं, करार आला, हातमोजे आणि ढकलगाडी आली, बसून वर्गवारी करायला शेड आली, तेव्हा तेच ज्ञान व्यवसाय झालं.

वापरलेल्या सॅनिटरी पॅडवर लाल ठिपका काढून ते वेगळे द्या, ही त्यांची २०१७ ची मोहीम आठवत असेल. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका. खर्च काहीच नाही, पण उघड्या हातांनी कुणाचं रक्त हाताळायची वेळ येऊ नये ही मागणी त्या एका ठिपक्यात आहे. मला हा आपल्या काळातला फार मोठा शोध वाटतो.

उलट काही शहरांत कोट्यवधींची प्रक्रिया यंत्रं आली आणि त्यांत मिसळलेला कचरा गेला. काच, डायपर, नारळाच्या करवंट्या. यंत्र चोंदलं. वेगळा करायची सवय घराघरांत लावल्याशिवाय यंत्राच्या तोंडाशी चमत्कार होत नाही.

---

तंत्रवेडा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मनापासून लिहिलेत, पण एक गोष्ट राहतेय. मोबाईलवरून पैसे देणं २०१६ नंतर या देशात कसं पसरलं? कुठली ग्रामसभा झाली होती? कोपऱ्यावरची भाजीवाली कुठल्या अभ्यासवर्गाला गेली होती? चौकोन छापलेला कागद काट्याला चिकटवला आणि कामाला लागली. आधी समाज मग यंत्र, हा नियम असेल तर हे कसं झालं?

---

नैरोबीकर

तंत्रवेडा, प्रश्न रास्त आहे. मी कामानिमित्त केनियात राहतो, तिथलं सांगतो.

इथे 'एम-पेसा' २००७ मध्ये आलं, म्हणजे आपल्या बरंच आधी, आणि साध्या बटणांच्या फोनवर. पण ते यायच्या आधीच लोक एकमेकांना मोबाईलचा टॉकटाइम पाठवत होते आणि गावाकडचा माणूस तो टॉकटाइम विकून रोख पैसे घेत होता. पैसे पाठवण्याची रीत लोकांनी आधीच काढली होती, कंपनीने तिला नीट रूप दिलं. दुसरं म्हणजे कोपऱ्यावरचा एजंट. रोख द्यायची, फोनमध्ये पैसे घ्यायचे, आणि हे ज्याच्याकडे करायचं तो रोजच्या ओळखीचा दुकानदार. इथे 'चामा' नावाचे बचत गट घरोघरी आहेत, आपल्याकडच्या भिशीसारखे. त्यांनीही वर्गणी फोनवरून घ्यायला सुरुवात केली.

भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांच्यात रोजचा व्यवहार होताच, तो फक्त सोपा झाला. पाण्याचं तसं नाही. तिथे माझ्या बोअरने ओढलं की शेजाऱ्याची विहीर उतरते. दोघांचं हित जुळलेलं असतं तिथे अ‍ॅप आपोआप पसरतं. हितं आडवी येतात तिथे आधी बसून बोलावंच लागतं.

---

काळीमाती

नैरोबीकर +१. शेवटचा परिच्छेद चौकटीत लावून ठेवावा असा.

---

गटप्रवर्तक_ताई

मी आशाताईंच्या गटाची प्रवर्तक आहे. रानवाट सरांनी लिहिलं ते वाचून उर भरून आला, पण पुढची बाजूही सांगते.

बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशा त्या बाळाकडे सहा वेळा जाते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवशीही जायचं. वजनकाटा आणि थर्मामीटर पिशवीत असतं. हे काम आम्हाला मनापासून आवडतं, कारण बाळ वाढताना दिसतं.

पण आता एकाच भेटीची नोंद वहीत, रजिस्टरमध्ये आणि वर मोबाईलमध्ये. फोन हळू, रेंज टेकडीवर, आणि रात्री मेसेज येतो की माहिती आजच भरा. आमच्या एका आशाताईने जोखमीच्या बाळाची नोंद वेळेत भरली होती, सगळे रकाने बरोबर. त्यावरून कुणाचा फोन आला नाही, गाडी आली नाही. तिने स्वतःच रिक्षा करून बाळ नेलं. बाळ वाचलं. नंतर वरून विचारणा आली ती मात्र दुसऱ्याच एका रिकाम्या रकान्याबद्दल.

माहिती खालून वर जाते आणि वरच राहते. ती परत खाली येऊन बाईच्या कामी आली पाहिजे. अ‍ॅप करणाऱ्यांनी एक दिवस आमच्याबरोबर फिरावं. मोबाईलला आमचा विरोध मुळीच नाही. फोनवरून तालुक्याच्या डॉक्टरांना बाळाचा फोटो दाखवून सल्ला मिळतो तेव्हा तोच फोन सोन्यासारखा वाटतो.

---

रानवाट

ताई, तुमचा प्रतिसाद वैद्यकीय महाविद्यालयात वाचून दाखवावा असा आहे. तुमच्या परवानगीने दाखवेन.

---

शिवारफेरी

अवांतर, पण जोडलेलं. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये आली, शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करायची. कल्पना मला पटलेली आहे, माझ्या शेतात काय आहे हे मीच सांगावं. पण आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या नोंदी करायला गावातली कॉलेजची पोरं बांधावर फिरतात आणि नेटवर्कसाठी फोन वर धरून उभी राहतात. एका काकांनी म्हशीला विचारलं म्हणे, 'तुला रेंज येते का गं?'

गंमत सोडा, त्या पोरांचं कौतुक वाटतं. पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून फिरली.

---

भूजलकाका

मी भूजल सर्वेक्षणात नोकरी करून निवृत्त झालो. विनू, तुझा प्रश्न माझ्या विषयातला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या जमिनीबद्दल. आपल्याकडे बेसाल्ट. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्रांचा मऊ खडक, खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. म्हणून एका बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी असं होतं. दहा विहिरींत सेन्सर लावलेस तर तुला दहा विहिरींची पातळी कळेल, गावाचं पाणी कळणार नाही. ते कळायला विहिरी निवडाव्या लागतात, आणि कुठली विहीर कुणाबरोबर उतरते हे गावातली म्हातारी माणसं बरोबर सांगतात.

आता हिशोब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. समज गावाचं क्षेत्र १२०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. आभाळातून आलं ५४० कोटी लिटर. त्यातलं बरंचसं बाष्प होऊन जातं, काही ओढ्याने वाहतं, काही मातीत ओल म्हणून राहतं. जमिनीखाली मुरतं ते साधारण दहा टक्के धर, म्हणजे ५४ कोटी. अडीच हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला पिण्या-वापरायला लागतात जेमतेम पाच कोटी. आणि उसाला हंगामाला दोन हजार मिलिमीटर धरलं तर एका हेक्टरला दोन कोटी. म्हणजे अडीच हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी सारखंच. हा हिशोब शाळेच्या फळ्यावर खडूने मांडता येतो. मी कितीतरी गावांत मांडलाय. पाच कोटी आणि दोन कोटी हे आकडे शेजारी लिहिले की सभा गप्प होते.

हिवरे बाजारने हेच केलं. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे बंधारे आणि चर झालेच, पण ती कामं इतर गावांतही झाली होती. हिवरे बाजारचं वेगळेपण पुढचं आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून, ताळेबंद ग्रामसभेत मांडून, मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी तर पिण्याचं पाणी आधी राखायचं. पर्जन्यमापक किती किमतीचा असतो? त्याच्या आकड्यावर गाव पीक बदलतं, यात सगळं आलं.

आंध्रात शेतकऱ्यांनीच भूजल मोजायचा मोठा प्रयोग सात जिल्ह्यांत झाला. शेतकरी स्त्री-पुरुष बोअरची पातळी आणि उपसा मोजायचे, आकडे भिंतीवर रंगवायचे, आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून ताळेबंद करायचे. पीक बदलायची सक्ती नव्हती, अनुदानही नव्हतं. तरी कित्येकांनी भात कमी केला. स्वतः मोजलेलं पाणी माणूस मानतो. केंद्राच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांत गावपातळीवरचा हाच ताळेबंद घेतलाय.

आणि थोडं मागचं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनिअर माणसाने पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि योजनेच्या खर्चाचा वीस टक्के भाग सभासदांनी स्वतः घालायचा. पंप, पाइप हे कुठेही मिळत होतं. अर्धा एकर माणशी हा नियम मात्र कुठल्याही दुकानात मिळत नव्हता.

---

वारणाकाठ

काका, अभ्यास दांडगा आहे, मान्य. पण प्रत्येक वेळी उसालाच का धरता? आमच्या बाजूला उसाने शाळा काढल्या, दवाखाने काढले, पोरं शिकली. ठिबकवर ऊस घेतला की पाणी बरंच वाचतं.

---

भूजलकाका

वारणाकाठ, तुमच्याकडे नदी बारमाही आहे आणि साखर कारखान्यांनी केलेलं काम मी नाकारत नाही. मी बोलतोय माणच्या ४५० मिलिमीटरबद्दल. ठिबकचं म्हणाल तर वाचलेलं पाणी कुठे जातं ते बघा. बहुतेक ठिकाणी त्या पाण्यावर आणखी एक एकर लागतं. वाचलेल्या पाण्याचं काय करायचं यावर आधी बोलणं झालेलं नसेल तर ठिबकने उपसा तेवढाच राहतो.

---

वारणाकाठ

ही बाजू पटली. आमच्याकडे तसंच झालंय.

---

मजुराची_लेक

बराच वेळ वाचतेय. आता लिहिते.

आई-वडील दुसऱ्याच्या रानात राबले. आमच्या नावावर विहीर नाही, बोअर नाही, गुंठाही नाही. विनूदादा, तुमचं अ‍ॅप तयार झालं तर त्यात आम्ही कुठे दिसणार? सेन्सर विहिरीत बसेल, म्हणजे ज्याला विहीर आहे त्याच्या फोनवर आकडा जाईल. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसणारी बाई त्या आकड्यांत नाही.

गावाचं पाणी कमी झालंय हे सगळ्यांत आधी तिलाच कळतं. हापशाला किती वेळा दांडा मारल्यावर पाणी येतं हे तिला रोज कळतं. तिला कुणी विचारत नाही.

म्हणून मला काकांनी सांगितलेली पाणी पंचायत महत्त्वाची वाटते. भूमिहीनाला पाण्याचा वाटा म्हणजे तो वाटा दुसऱ्याला देऊन किंवा खंडाने जमीन घेऊन तो उभा राहू शकतो. नवी घडी बसवायची असेल तर जुन्या घडीत जे बाहेर होते ते आत आले पाहिजेत. नाहीतर ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच आता आकडेही जमा होतील.

---

स्नेहल_पुणे

ताई, या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा प्रतिसाद तुमचा. अनुमोदन.

---

बांबूवन

गडचिरोलीचा विषय निघाला म्हणून तिथलं मेंढा-लेखा गाव आठवलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा ऐकली असेल. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबू विकायचा अधिकार गावाने मिळवला. पण मला सांगायचंय ते त्यांच्या अभ्यासगटाबद्दल. निर्णय ग्रामसभेत घ्यायचा, तोही सर्वसहमतीने, आणि त्याआधी विषय समजून घ्यायला वेगळं बसायचं. बाहेरचा जाणकार आला तरी तो समजावून सांगणार, ठरवणार नाही.

विनूभाऊ, निधी देणारे तुम्ही आहात. ही रेष तुमच्यासाठीही आहे.

---

माणदेशी_विनू

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं.

बांबूवन यांचं शेवटचं वाक्य आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. बरीच चर्चा झाली. मजुराची_लेक, तुमचा प्रतिसादही टाकला आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ त्यावरच बोलणं झालं.

काका, थेट विचारतो. पैसे जमलेत, माणसं उत्साहात आहेत, हा उत्साह वर्षभर टिकत नाही. या उन्हाळ्यात नेमकं काय करू?

---

भूजलकाका

पर्जन्यमापक घे आणि शाळेच्या अंगणात लाव, गच्चीवर नको. झाड-भिंतीपासून लांब. सकाळी साडेआठला नोंद. पोरांकडे दे.

विहिरी निवड, वरच्या अंगाच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या. म्हाताऱ्यांना बरोबर घे. सार्वजनिक पाण्याची विहीर आणि हापसे त्यात हवेतच, मजुराच्या लेकीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मोजायला टेप पुरतो. आम्ही खात्यात ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा पातळ्या घ्यायचो, तू दर महिन्याला घे. पंप बंद करून विहीर स्थिरावू दे, मग मोज, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने.

ऑक्टोबरात ताळेबंद मांड. पहिल्या वर्षी नियम करू नका, फक्त बघा. सेन्सरचं दुसऱ्या वर्षी बोलू.

---

सायली_क

काका, आदर ठेवून असहमत. रात्री तीन फेज लाइट आला की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या वेळी टेप घेऊन कोण उभं राहणार? सकाळपर्यंत विहीर पुन्हा चढलेली असते आणि भिंतीवरचा आकडा खोटा समाधान देतो. कुठल्या बोअरने कुठली विहीर उतरते हे दाखवायला दर पंधरा मिनिटांची नोंद लागतेच, ती माणसाच्या हातून होणार नाही. दोन-तीन सेन्सर पहिल्याच वर्षी बसवा, पण सार्वजनिक विहिरीवर, आणि आलेख भिंतीवर लावा. मोबाईलवर नको.

---

भूजलकाका

सार्वजनिक विहिरीवर आणि भिंतीवर आलेख, हे मला मान्य. खाजगी विहिरींवर पहिल्या वर्षी नको, लोक बिचकतील. कुणाचा पंप किती चालतो हे उघडं पाडायला यंत्र आणलंय असं एकदा गावाला वाटलं की पुढची दहा वर्षं कुणी विहिरीजवळ फिरकू देणार नाही.

---

तंत्रवेडा

आलेख छापून देणारा प्रोग्रॅम मी फुकट करून देतो. मराठीत, मोठ्या अक्षरात. गटप्रवर्तक ताईंचं ऐकून, भरायचे रकाने कमीत कमी ठेवीन. विनू, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

माणदेशी_विनू

व्यनि केला. सायली आणि काका यांचं एकत्र करून एक पानाचा प्रस्ताव लिहितोय. तो आमच्या निधी गटाच्या नावाने जाणार नाही, गावातली चार माणसं तो मांडतील. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून सरपंचांशी बोलणं झालंय. गावाने नको म्हटलं तर पैसे बँकेत राहतील, हेही ग्रुपवर ठरलं.

---

मजुराची_लेक

दादा, चांगलं करताय. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचा कायदाच आहे, ती कागदावर उरकू देऊ नका. दुपारी ठेवली तर आमच्याकडच्या बायका रानात असतात, संध्याकाळी ठेवायला लावा. आणि प्रस्तावाचं ते एक पान तिथे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा.